कंबर, खुर्ची आणि शाळेची घंटा

मी मराठी शिकवते, त्यामुळे 'पाठ' या शब्दाशी माझं रोजचं नातं. तो पाठ म्हणजे धडा आणि ती पाठ म्हणजे मानेपासून माकडहाडापर्यंतचा आपला मागचा भाग. लिंग बदललं की अर्थ बदलतो, हे मी सातवीला दरवर्षी याच उदाहरणाने समजावते. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलींना ते फार आवडतं. मागे एकीने वहीत वाक्य केलं : 'पाठ शिकवून मॅडमची पाठ दुखते.' वर्ग हसला. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बिनचूक होतं म्हणून मी पूर्ण गुण दिले, पण माहिती म्हणून ते खरं नव्हतं. शिकवून माझी पाठ दुखत नाही. दुखते ती ऑफिसात बसून.

शिक्षिकेला कसलं ऑफिस, असं नातेवाईक विचारतात. ज्यांच्या घरात कुणी शिक्षक आहे त्यांना हा प्रश्न पडत नाही. आमच्या शाळेतले क्लार्क निवृत्त झाले आणि जागा भरली गेली नाही. 'मॅडमना कॉम्प्युटर येतो' या एका वाक्यावर त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. सकाळचे तास घ्यायचे आणि उरलेला वेळ ऑफिसात बसायचं. शालार्थवर सगळ्यांची पगारबिलं, यू-डायस प्लसची माहिती, सरलवर विद्यार्थ्यांच्या नोंदी, २०२४ पासून त्यात अपार आयडीची भर. साइट दिवसा चालत नाही, म्हणून चालेल तेव्हा उठायचं नाही. शिवाय जनरल रजिस्टर. कुणाला पासपोर्टसाठी, कुणाला आधारमधली जन्मतारीख दुरुस्त करायला, कुणाला जातपडताळणीसाठी जुना दाखला हवा असतो. चाळीस वर्षांपूर्वीची नोंद शोधायची तर ते जाडजूड बाड खालच्या कप्प्यातून दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणावं लागतं आणि त्यातलं फिकट झालेलं उर्दू हस्ताक्षर वाकून वाचावं लागतं.

आम्ही राहतो भातसानगरला. धरणासाठी उभी राहिलेली ही वसाहत. मिस्टर पाटबंधारे खात्यात आहेत, म्हणून क्वार्टर मिळालं. शाळा भिवंडीला. आधी जीपने शहापूर, मग एसटीने पडघ्यावरून भिवंडी, तिथून रिक्षा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याबद्दल सरकारची आभारी आहे. पण अर्ध्या तिकिटाला धक्के काही अर्धे बसत नाहीत. ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्यांना एक सांगते : मागच्या चाकावरची आणि त्यामागची सीट रिकामी असली तरी घेऊ नका. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या बाकांवर उभं राहायला मिळालं तरी ते बरं. खड्डा आला की उभ्या माणसाचे गुडघे थोडा धक्का खातात, बसलेल्याचा सगळा कंबरेला जातो.

दुखणं सुरू झालं ते काही एका दिवसात नाही. आधी संध्याकाळी नुसती ताठरलेली कंबर. मग सकाळी उठताना कळ. मग एका डिसेंबरात, दहावीच्या बोर्डाचे फॉर्म भरायचे दिवस होते, खुर्चीतून उठले आणि कंबरेत उसण भरली. टेबलाला धरून किती तरी वेळ तशीच उभी होते. पुढच्या आठवड्यात कळ डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत उतरली.

घरात उपाय सुरू झाले. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मी म्हणतो. अम्मींनी लसूण घालून तिळाचं तेल कढवलं. नणंदेने हिजामा करून घ्या म्हणून भिवंडीतला पत्ता दिला. शेजारच्या भाभींनी स्वतःचा कंबरेचा पट्टा आणून दिला. कुणी म्हणालं मणका सरकलाय, हाडवैदाकडून बसवून घ्या. मामेसासरे युनानीचे जुने शौकीन. त्यांनी फोनवरच निदान केलं : 'अर्कुन्निसा है. औरतों की बीमारी है.'

इथे माझ्यातली शिक्षिका गप्प राहिली नाही. हा शब्द आपल्या घरांत सर्रास चुकीचा उच्चारला जातो आणि चुकीचा समजला जातो. मूळ अरबी शब्द 'इर्क अन-नसा'. 'नसा' हे कुल्ह्यापासून घोट्यापर्यंत जाणाऱ्या शिरेचं नाव. 'निसा' म्हणजे बायका, तो शब्द वेगळा. एका जेरचा फरक, पण त्यापायी किती तरी बायकांना 'हे आपल्या जातीचं दुखणंच आहे, सोसायचं' असं वाटत राहिलं आणि किती तरी पुरुषांना सांगायची लाज वाटली. आयुर्वेदात यालाच गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. दुखरा पाय ओढत चालणारा माणूस गिधाडासारखा दिसतो म्हणे. डॉक्टरांचा शब्द सायटिका. इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या 'अल-कानून'मध्ये या दुखण्याची नोंद केली आहे, म्हणजे ते संगणकाने आणलेलं नाही हे नक्की. संगणकाने फक्त त्याला भरपूर गिऱ्हाइकं मिळवून दिली.

अम्मींच्या तेलाने बरं वाटायचं, हे मी मान्य करते. गरम हात पाठीवरून फिरला की अर्धं दुखणं तिथेच विरतं. पण सकाळी साडेदहाला त्याच खुर्चीत बसलं की दुपारपर्यंत सगळं परत.

मग एमआरआय झाला. रिपोर्टात इंग्रजी शब्दांची रांग होती : एल-फोर एल-फाइव्ह, डिस्क बल्ज, डीजनरेशन. एका खासगी डॉक्टरांनी तो पाच मिनिटं पाहिला आणि ऑपरेशन सुचवलं. खर्च ऐकून मिस्टर खुर्चीत सरळ बसले. मोठ्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे आमच्या दोघांच्याही डोळ्यांपुढे आले होते, पण बोललं कुणीच नाही. घरी आल्यावर वडीलधाऱ्यांचा निकाल तयार होता. नोकरी सोड. कंबर राहिली तर संसार राहील. हे सगळे माझ्या मायेनेच बोलत होते, म्हणून उत्तर देणं जास्त अवघड होतं. माझा पगार घरात काय काय उचलतो हे त्यांना ठाऊक होतं. मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती : घरी बसले असते तरी मी *बसलेच* असते.

दुसरं मत घ्यायला आसनगावहून लोकल पकडून मुंबईला महापालिकेच्या रुग्णालयात गेलो. आमच्या भातसाचं पाणी पिसे आणि पांजरापूरमार्गे मुंबईला जातं. शहापूर तालुक्याची दुखणीही त्याच दिशेने जातात. तिथे तीन तास रांगेत काढल्यावर एक तरुण डॉक्टर भेटल्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी मला चालायला लावलं. टाचांवर, मग चवड्यांवर. पाय उचलून पाहिले, तळव्याला टाचणी लावून विचारलं, लघवीवर ताबा आहे ना, रात्री झोपेतून दुखण्याने जाग येते का, ताप, वजन. सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या वयाच्या निम्म्या लोकांचा एमआरआय असाच दिसेल, आणि त्यांची पाठ दुखतही नसेल."

मला वाटलं धीर देण्यासाठी म्हणतात. नंतर मुलीने वाचून दाखवलं तेव्हा कळलं की ते अक्षरशः खरं आहे. २०१५ साली कंबरेचं काहीही दुखणं नसलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. चाळिशीतल्या लोकांमध्ये सुमारे ५० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या आणि ६८ टक्क्यांच्या झिजलेल्या निघाल्या. म्हणजे केस पिकतात तशा मणक्यातल्या गाद्याही पिकतात. रिपोर्ट खोटा नसतो, पण दुखण्याचं कारण तेच आहे असंही त्यावरून ठरत नाही.

ऑपरेशनची गरज त्यांना दिसली नाही. पायातली शक्ती कमी झाली असती तर वेगळं सांगितलं असतं, म्हणाल्या. थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि फिजिओथेरपीला पाठवलं. मी विचारलं, "किती दिवस झोपून राहू?" त्या म्हणाल्या, "झोपू नका."

ही गोष्ट आमच्या घरात कुणाला पटेना. कंबर दुखते म्हणजे फळीवर निजायचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. पण हे तपासून पाहिलं गेलंय. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. सगळे कंबर धरलेले नोकरदार, आपल्यासारखेच. काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवलं, काहींना कंबरेचे व्यायाम दिले, आणि काहींना सांगितलं की झेपेल तेवढं रोजचं काम करत राहा. सगळ्यांत लवकर बरे झाले ते तिसऱ्या गटातले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यातही भर आहे तो व्यायामावर आणि रुग्णाला नीट समजावून सांगण्यावर. वजन लावून ओढणं आणि कंबरेचे पट्टे यांची शिफारस त्यात केलेली नाही. भाभींचा पट्टा मी धुऊन, घडी घालून परत केला.

कारण फिजिओथेरपिस्ट बाईंनी साध्या भाषेत सांगितलं. दोन मणक्यांमधली गादी ही ओल्या स्पंजसारखी असते. मोठ्या माणसात तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. हालचालीने ती दाबली जाते, सुटते, आणि त्या दाबण्या-सुटण्यातूनच तिला पोषण मिळतं. एकाच स्थितीत तासन्‌तास बसलं की नुसतं दाबणं राहतं, सुटणं नाही. स्वीडनचे नाकेमसन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या मणक्याच्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं असताना जेवढा दाब पडतो त्याहून पुढे वाकून बसल्यावर जास्त, असं त्यांना आढळलं. म्हणजे आपण ज्याला आराम समजतो ते बसणं कंबरेच्या लेखी कामच आहे.

खुर्चीची गोष्ट मात्र मला स्वतःलाच सोडवावी लागली. क्लार्कसाहेब उंच होते, खुर्ची त्यांच्या मापाची. माझे पाय अधांतरी राहायचे आणि स्क्रीन इतका खाली की मान सतत झुकलेली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी कागदावर काढून दिलं होतं : तळवे टेकलेले, गुडघे कुल्ह्यांच्या पातळीत, कोपर टेबलाच्या उंचीला, स्क्रीनचा वरचा काठ डोळ्यांसमोर, कंबरेच्या खोलगट भागात आधार. नवी खुर्ची मागितली तर ती मीटिंगच्या विषयपत्रिकेवर जाऊन बसली. तोवर मी घरून जुना टॉवेल आणला, त्याची गुंडाळी करून कंबरेमागे ठेवली. शिपाई चाचांनी मॉनिटरखाली दोन विटा ठेवल्या, वर वर्तमानपत्र घालून. पायांखाली काय ठेवायचं हा प्रश्न आला, तेव्हा एका सहकाऱ्याने रद्दीतल्या पुस्तकांचा गठ्ठा सरकवला. पण पुस्तकांवर पाय ठेवणं कुणाच्याच जिवाला पटेना, त्याच्या स्वतःच्याही नाही. शेवटी मोडक्या बाकाची एक फळी मिळाली.

एवढं करूनही फरक पडला निम्माच. उत्तम बसणं हेसुद्धा चार तास केलं तर वाईटच. उठायला हवं होतं, आणि कामाच्या भरात उठायची आठवण राहत नाही. मोबाईलवर गजर लावला तर तो बंद करून माणूस तसाच बसतो.

मग एक गोष्ट ध्यानात आली. शाळेत दर पस्तीस मिनिटांनी घंटा होते. ती घंटा झाली की हजारभर मुलं हलतात, शिक्षक एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात, जिने वाजतात. शाळेत हलत नाही ते फक्त ऑफिस. ज्या दिवशी मी सहा तास शिकवत असे त्या काळात माझी कंबर दुखत नव्हती, याचं कारण मला तेव्हा उमगलं. घंटा मला उठवत होती. मी तीच घंटा ऑफिसात ऐकायला लागले. घंटा झाली की हातातलं वाक्य पूर्ण करायचं आणि उभं राहायचं. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, कंबरेवर हात ठेवून दोनदा मागे वाकायचं, पाण्याचा घोट घ्यायचा. दोन मिनिटं. सुरुवातीला येणाऱ्या पालकांना वाटायचं, मॅडम त्यांना टाळतायत. आता तेही माझ्याबरोबर व्हरांड्यात चालतात आणि चालता चालता काम सांगतात.

पण त्याआधी एक गोष्ट करावी लागली आणि ती सगळ्यांत अवघड होती. मुख्याध्यापक सरांना सांगणं. पाठीचं दुखणं दिसत नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर थर्मामीटर आहे. कंबर दुखणारी बाई बाहेरून धडधाकट असते, आणि वर्गात हसतही असते. स्टाफरूममध्ये कुणाला वाटतं ही निवडणुकीची ड्युटी टाळायला निमित्त शोधते. म्हणून बायका बोलत नाहीत. गोळी घेतात आणि बसतात. मी सरांकडे तीन गोष्टी मागितल्या, तोंडी नाही, अर्ज लिहून : दर तासाला उठण्याची मुभा, जनरल रजिस्टर कंबरेच्या उंचीच्या कपाटात हलवणं, आणि माझे सकाळचे दोन तास कमी न करता दुपारचे दोन वाढवून देणं, म्हणजे तेवढं बसणं कमी होईल. सर अर्ज वाचून म्हणाले, "लोक तास कमी मागतात, तुम्ही वाढवून मागताय?" रजिस्टरं त्याच आठवड्यात वर आली. तासांचं वेळापत्रक बदलायला दिवाळी उजाडली.

माझ्या दुखण्याला खरं उत्तर विचारलं ते आमच्या वसाहतीत रानभाज्या विकायला येणाऱ्या एका आदिवासी बाईने. पावसाच्या सुरुवातीला ती शेवळं घेऊन येते, नंतर करटुली. मला जिन्याला धरून उतरताना पाहून तिने विचारलं, "बाई, तुमी त खुर्चीत बसता, मंग पाठ कशानं दुखं?" टोमणा नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हतं. मी तिला स्पंजचं सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, तिचीही दुखते. केव्हापासून? ते काही तिला सांगता येईना. आमच्या तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मोडकसागर आहे, आणि एप्रिल-मे महिन्यात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा आहेत. भरलेला हंडा पंधरा-वीस किलोचा, वर कळशी, आणि वाट चढणीची. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. 'पूर्वीच्या बायका काम करत, म्हणून त्यांची कंबर दुखत नव्हती' असं आपण घराघरांत ऐकतो. मला ते आता पटत नाही. त्यांची दुखत होती. त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. भिवंडीत माझ्या विद्यार्थ्यांचे वडील लूमवर बारा-बारा तास उभे असतात, त्यांनाही कुणी विचारत नाही. अति बसणं, अति उभं राहणं आणि अति उचलणं, तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख माणसांची कंबर दुखत होती असा अंदाज आहे, आणि त्यांत बायका जास्त.

आता नमाजविषयी, कारण या मासिकाच्या वाचक भगिनींमधल्या पुष्कळ जणींना हाच प्रश्न सतावत असेल. दुखणं जोरात होतं तेव्हा रुकू जमत होता, पण सजद्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई. मी काही आठवडे खुर्चीवर बसून नमाज अदा केली. एका घरी कुरआनखानीला गेले असताना जोहरची वेळ झाली आणि मी खुर्ची मागितली. एक खाला सर्वांदेखत म्हणाल्या, "चाळिशीतच खुर्ची? आमच्या अम्मा ऐंशीव्या वर्षीही जमिनीवर सजदा करत." मी काही बोलले नाही. बोलल्या त्या माझ्या अम्मी, ज्या घरी मला रोज तेल लावायच्या आणि नोकरी सोड म्हणायच्या. त्यांनी हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांची गोष्ट सांगितली. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजबद्दल विचारलं तेव्हा प्रेषित (स.) यांनी उभं राहून, ते जमत नसेल तर बसून, आणि तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज अदा करायला सांगितलं. ही हदीस सहीह बुखारीत आहे. अम्मी पुढे म्हणाल्या, सवलत ज्याने दिली त्याला आपण का लाजायचं? मग विषय बदलला. कुणाला किती सवलत लागू होते, किती जमतं आणि किती नाही, हे मात्र जाणकार आलिमांना विचारूनच ठरवावं. दुखणं प्रत्येकीचं वेगळं असतं. माझी कंबर सुधारल्यावर मी पुन्हा जमिनीवर आले.

हल्ली नमाज म्हणजे उत्तम व्यायाम, असे संदेश मोबाईलवर फिरतात, मणक्याच्या चित्रांसकट. मला ते फारसे रुचत नाहीत. इबादत कंबरेसाठी करायची नसते, आणि कंबरेचे व्यायाम नमाजीत उरकायचे नसतात. पण जोहरसाठी मी खुर्ची सोडते, व्हरांड्यातल्या नळावर वुजू करते, रिकाम्या प्रयोगशाळेत जानमाज अंथरते, आणि पंधरा मिनिटांनी परत येते तेव्हा कंबर मोकळी असते, हेही खरं. साइट तेवढ्यात बंद पडली तरी जगबुडी झालेली नसते.

एक गोष्ट सांगायची राहून जाऊ नये. वर मी उठा, चाला असं लिहिलं, ते सगळ्यांना लागू नाही. आठवीतल्या एका मुलीची आई दाखल्यासाठी ऑफिसात आली. ती बसेना, भिंतीला टेकून उभी राहिली. पाठ दुखते म्हणाली, सहा महिने झाले. नवरा रोज तेल चोळतो. मी मुंबईच्या डॉक्टरबाईंनी मला विचारलेले प्रश्न तिला विचारले. संध्याकाळी अंगात कणकण असते का? असते. वजन? कपडे सैल झालेत. रात्री? रात्री तर जास्तच. तिला मी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवलं. मणक्याचा क्षय निघाला. क्षय म्हणजे फक्त खोकला, असा आपला समज. तो हाडातही होतो, आणि मणक्यात झाला आणि उशीर झाला तर पाय जाऊ शकतात. औषध सरकारकडून मोफत मिळतं, आहारासाठी महिन्याला पैसेही मिळतात, ते नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेचे हजार झाले. तिला वर्षभराहून जास्त गोळ्या घ्याव्या लागल्या. आता ती स्वतः चालत मुलीला सोडायला येते. म्हणून ताप, उतरतं वजन, रात्रीचं न थांबणारं दुखणं, पायात येणारी कमजोरी, पडल्यानंतर सुरू झालेली कळ, यांपैकी काही असेल तर तेल बाजूला ठेवून आधी डॉक्टर. आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला तर त्याच तासाला. सकाळची वाट पाहायची नाही.

माझं दुखणं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याला खड्डे पडले की डावी पोटरी आठवण देते. सकाळी फजरनंतर वसाहतीतल्या रस्त्यावर चालते. मिस्टरही येतात, कारण त्यांच्या ऑफिसातल्या खोलगट पडलेल्या वेताच्या खुर्चीचा हिशेबही आता निघालाय. त्यांनी तीवर एक फळी टाकून घेतली आहे. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरी आली की अम्मींना जड बादली कशी उचलायची ते शिकवते : गुडघ्यात वाकायचं, बादली अंगाजवळ घ्यायची, उचलताना वळायचं नाही. अम्मी ऐकून घेतात आणि बादली नातवाला उचलायला सांगतात.

नवीन खुर्ची अखेर मंजूर झाली, पण ती आली तेव्हा पाहुण्यांसाठी म्हणून केबिनमध्ये गेली. दरम्यान क्लार्कची जागा भरणार असल्याचं सरांनी सांगितलं आहे. येईल तो बहुधा तरुण असेल आणि पहिल्याच दिवशी टेबल साफ करायला घेईल. मी मॉनिटरवर मराठी आणि उर्दू दोन्हींत एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे : 'खालच्या दोन विटा काढू नयेत.'